योग्य ते बदल करून घ्यावेत

माझ्या धाकट्या भावाची बोटं वाचताना हलायची. वर्तमानपत्र असो, लग्नाची पत्रिका असो, दवाखान्याच्या भिंतीवरची सूचना असो. डोळे ओळीवरून पुढे सरकत आणि बोटं मांडीवर ती ओळ टाइप करत. त्याची बायको मला म्हणायची, ताई, हे देवासमोर बसून स्तोत्र वाचतात तेव्हासुद्धा मांडीवर छापून काढतात. त्यावर तो नुसता हसायचा. ही सवय त्याला माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये लागली होती.

इन्स्टिट्यूट म्हणजे डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. वडील लवकर गेले. मी कॉलेज अर्धवट सोडलं आणि ठाण्यातल्या एका बंद पडणाऱ्या कंपनीतून जुने टाइपरायटर आणले. आणले म्हणजे भांडून आणले. तिथल्या मॅनेजरने सांगितलेला भाव ऐकून मी काही न बोलता उठले आणि चालू लागले. फाटकापर्यंत गेले तेव्हा त्याचा शिपाई मला बोलवायला धावत आला. तेव्हापासून उठून फाटकापर्यंत जाणं हे माझं हत्यार झालं. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. तेही वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांतून मी असेच आणले. एका खोलीच्या दोन झाल्या. यात कुणी मला हात दिला नाही आणि मीही कुणाच्या दारात हात पसरायला गेले नाही. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. हळू बोलले असते तर त्या खोलीचं भाडंही निघालं नसतं.

माझ्या क्लासचा नियम एकच होता: जसं छापलंय तसं. समोरच्या कागदावर जे आहे तेच कागदावर उतरलं पाहिजे. स्वल्पविराम असेल तर स्वल्पविराम, दोन जागा सोडल्या असतील तर दोन जागा. मजकुरातलं एखादं वाक्य तुम्हाला चुकीचं वाटलं तरी ते सुधारायचं नाही. सरकारी टायपिंगच्या परीक्षेत सुधारलेलं वाक्यही चूकच धरतात. माझा भाऊ शाळेत असल्यापासून त्या खोलीत बसायचा. आई घरी शिवणकाम करायची आणि याला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मी सोबत आणायचे. बसून बसून तो शिकला. परीक्षेच्या दिवशी बाकीची मुलं रुमालाने तळवे पुसत असायची आणि हा शांतपणे कागद सरळ लावत असायचा. त्याच्या कागदावर खाडाखोड मी कधी पाहिली नाही.

त्या हातांच्या जोरावर त्याला ठाण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. विम्याचे अर्ज यायचे, ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे. पुढे तो तिथल्या मशीनांची, फाइलींची व्यवस्थाही बघू लागला. ठाकुर्लीला घर झालं, लग्न झालं, मुलगी झाली. ऑफिसात सगळे त्याला सर म्हणायचे. हे मला कोणी सांगितलं नाही. एकदा त्याचा डबा राहिला म्हणून द्यायला गेले तेव्हा कानांनी ऐकलं. परत येताना रिक्षात मी उगाच दोनदा हसले असेन.

मग कंपनीने ठरवलं की सगळं काम क्लाउडवर न्यायचं. म्हणजे ऑफिसातली मोठी मशीनं काढून टाकायची आणि दूर कुठेतरी असलेली दुसऱ्या कंपनीची मशीनं भाड्याने वापरायची. अर्ज भरायला आता माणसं लागणार नव्हती. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की प्रशिक्षण देतो, त्यानंतर प्रत्यक्ष मशीनवर परीक्षा होईल. पास झालात तर नव्या टीममध्ये जागा आहे, नाही झालात तर मोकळं करू.

भाऊ घाबरला नाही. परीक्षेत त्या क्लाउड कंपनीची माहितीची पानं, फक्त तेवढीच, समोर उघडी ठेवायची परवानगी होती. मला म्हणाला, "ताई, पान बघून टाइप करायचंय. माझं तर आयुष्य त्यात गेलं."

मलाही तसंच वाटलं होतं.

तो सराव करायला माझ्या क्लासमध्ये यायचा, दुपारी, दोन बॅचच्या मधल्या वेळात. पहिल्या दिवशी पान उघडलं. करड्या चौकटीत आज्ञा, म्हणजे कमांड, लिहिलेल्या होत्या आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह होतं. त्याने डॉलरसकट ओळ टाइप केली. काळ्या पडद्यावर उत्तर आलं की ही आज्ञा मला ओळखता येत नाही. त्याने पुन्हा केली. मी शेजारी उभी राहून पान आणि पडदा अक्षर अक्षर ताडून बघत होते. चूक नव्हती.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. ती हसली.

"ताई, डॉलर टाइप नसतो करायचा. तो नुसता दाखवायला असतो. म्हणजे इथून पुढे तुमचं सुरू."

"हे लिहिलंय कुठे?"

ती म्हणाली, "लिहिलेलं नसतं ताई. ते कळतं."

डॉलर काढला तरी बऱ्याच आज्ञा चालल्या नाहीत. कारण त्या पानाच्या वर, बारीक अक्षरांत, एक वाक्य होतं. इंग्रजीत होतं; त्याचा अर्थ असा की या पानावरच्या आज्ञा मॅक आणि लिनक्सच्या मशीनसाठी आहेत, विंडोज वापरणाऱ्यांनी योग्य ते बदल करून घ्यावेत.

योग्य ते बदल. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी आयुष्यभर भाव केला आहे. समोरचा माणूस "ते आपण बघून घेऊ" म्हणाला की मला कळतं, याला द्यायचं काही नाही आणि नाही म्हणायची हिंमतही नाही. त्या वाक्यात मला तोच माणूस दिसला. डोंबिवलीत कुठल्याही दुकानात, शाळेत, बँकेत, झेरॉक्सवाल्याकडे जा. मशीन विंडोजचंच असतं. माझ्या क्लासमध्ये तेच, भावाच्या ऑफिसात तेच. आणि जगाला शिकवणारं पान लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावर जे मशीन होतं तेवढ्यासाठी लिहिलं आणि आमच्यासाठी एक ओळ टाकली.

पुण्याच्या विद्यार्थिनीने सुचवलं की विंडोजच्या आतच लिनक्स बसवून घ्या, सगळे तेच करतात. पण परीक्षा ऑफिसच्या मशीनवर होणार होती आणि तिथे साधा एक फॉण्ट बसवायचा तरी वरून परवानगी लागायची. मी तर ठाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे वापरलेल्या मॅकचा भावसुद्धा करून ठेवला. भाऊ म्हणाला, "तू घेशील गं. पण परीक्षेच्या टेबलावर तो कोण ठेवू देणार आहे?"

मग आम्ही ते योग्य बदल स्वतःच शोधायला बसलो. एकेक ओळ घ्यायची, ती विंडोजवर कशी लिहायची ते इथून तिथून शोधायचं. मूळ पानावर लांब आज्ञा तोडताना ओळीच्या शेवटी तिरकी रेघ होती. विंडोजला ती समजायची नाही, तिथे दुसरंच चिन्ह लागायचं. एकेरी अवतरणं होती तिथे दुहेरी करावी लागायची. कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी हाच प्रश्न विचारलेला असायचा आणि खाली दुसऱ्या कुणीतरी वैतागून उत्तर दिलेलं असायचं. त्या अनोळखी माणसांना मी मनातल्या मनात आशीर्वाद द्यायचे.

आता मागे वळून बघते तेव्हा त्या दुपारीच आठवतात. बाहेर ऊन, आत पंख्याची घरघर, पलीकडच्या खोलीत एखादी लवकर आलेली मुलगी ए एस डी एफ गिरवतेय. मी लिंबाचं सरबत करून आणायचे. भावाच्या लग्नानंतर आम्ही दोघं इतका वेळ शेजारी बसलोच नव्हतो. एखादी आज्ञा चालली की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "घे, झालं हिचं मराठीत भाषांतर." मी म्हणायचे, विंडोजमध्ये. तो म्हणायचा, तुझ्यासाठी दोन्ही एकच. सरावाच्या पानावरच्या सगळ्या आज्ञा त्याच्या बोटांत बसल्या. मला खात्री होती की तो पास होणार. त्यालाही होती. परीक्षेच्या सकाळी त्याने नवा शर्ट घातला होता आणि जाताना वाटेत क्लासवर येऊन माझ्या पाया पडला.

परीक्षेत दुसरं काम आलं, दुसरं पान आलं.

काय झालं ते त्याने मला एकदम सांगितलं नाही. थोडं त्या संध्याकाळी, थोडं पुढच्या आठवड्यात माझ्या मिक्सरचा प्लग बदलता बदलता, माझ्याकडे न बघता. पानावर एक छोटी आज्ञा होती. क्लाउडच्या मशीनमध्ये शिरायला एक किल्ली मिळते, म्हणजे एक फाइल असते. ती फाइल माझ्याशिवाय कुणी वाचू नये असं आपल्या मशीनला सांगणारी ती आज्ञा. लिनक्सवर ती एवढीशी आहे. विंडोजवर ती नाहीच. तिथे ते काम वेगळ्याच पद्धतीने करावं लागतं आणि त्या पानावर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. होतं ते वरचंच वाक्य.

त्याने आज्ञा टाइप केली. मशीन म्हणालं, ओळखत नाही. तेव्हा त्याला वाटलं, बोट चुकलं. त्याने पुसून पुन्हा टाइप केली, या वेळी सावकाश. मग पान मोठं करून बघितलं, त्या आज्ञेतला आकडा शून्य आहे की इंग्रजी ओ आहे. पुन्हा टाइप केली. हा माणूस वेळ संपेपर्यंत तीच एक ओळ टाइप करत बसला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जपून. त्याला शिकवलंच असं होतं की कागद बरोबर असतो आणि चूक झाली तर ती आपल्या हाताची असते.

देखरेखीला एक तरुण मुलगा होता. तो मागून येऊन म्हणाला, "काका, विंडोजवर आहात तुम्ही. जरा डोकं वापरा ना."

हे सांगताना भावाने पेचकस खाली ठेवला. "मला काका म्हणाला, ताई," एवढंच बोलला आणि परत प्लगला लागला.

मी त्याला न सांगता ठाण्याला त्याच्या ऑफिसात गेले. सोबत त्या पानाची छापील प्रत घेतली. माणसांचं खातं, म्हणजे एचआर, बघणारी एक तरुण बाई होती, तिच्यासमोर बसले. तिला म्हटलं, परीक्षेला मशीन तुम्ही दिलंत विंडोजचं आणि पान दिलंत दुसऱ्या मशीनचं. टायपिंगच्या परीक्षेत इंग्रजीच्या मुलाला मराठीचं मशीन दिलं तर पेपर कुणाचा रद्द होतो, मुलाचा की केंद्राचा? ती शांत होती. म्हणाली, मॅडम, ही पानं आमची नाहीत, जगभर सगळे हीच वाचतात, आणि बाकीचे लोक पास झाले. ज्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजात लिनक्स हाताळलं होतं ते पास झाले, मी म्हटलं, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला काय तपासायचं होतं? माणूस काम शिकतो का, की त्याच्या कॉलेजात कुठलं मशीन होतं? माझा आवाज चढला होता. काचेपलीकडची माणसं वळून बघत होती. ती म्हणाली की नियम सगळ्यांना सारखा आहे. मी उठले, कागद तिच्या टेबलावरच ठेवला आणि चालू लागले.

लिफ्टपाशी पोचले तेव्हा मागून हाक आली. ती स्वतः आली होती. हळू आवाजात म्हणाली की पुढच्या सोमवारी त्यांना परत बसवते, पण हे बाहेर बोलू नका.

मी तशीच ठाकुर्लीला गेले. जाताना पेढे घेतले. इतक्या वर्षांत इतका चांगला सौदा मी केला नव्हता.

भाऊ गॅलरीत कपडे वाळत घालत होता. सगळं ऐकून घेतलं त्याने. शेवटचा टॉवेल झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि आत येऊन बसला.

"मी नाही जाणार ताई."

"अरे, वेडा आहेस का? त्या आज्ञेच्या जागी काय लिहायचं ते मी शोधून ठेवलंय. दोन दुपारी बस माझ्याकडे."

"मी ती ओळ किती वेळा टाइप केली. एक अक्षर चुकलं नव्हतं माझं."

"ते मला सांगतोस?"

"मग परत जाऊन काय वेगळं करू? ही ओळ तू शोधलीस. पुढच्या पानावरची कोण शोधणार? नोकरीत रोज नवीन पान येणार. रोज वर तेच लिहिलेलं असणार, तुमचं तुम्ही बघा. तू भाव करून आणलेली जागा आहे ती. मला तिथे रोज भाव करत बसावं लागेल. तुला जमतं. मला नाही जमत."

मी खूप बोलले. मुलीचं कॉलेज काढलं, आईची आठवण काढली, भित्रा म्हटलं. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि परत आत गेली. तो एकदाही उलटून बोलला नाही. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून मी उठले, जिना उतरले आणि इमारतीच्या फाटकापर्यंत गेले. तिथे उभी राहिले. वर त्याच्या गॅलरीत कपडे हलत होते. वॉचमनने विचारलं, रिक्षा बघू का. मी म्हटलं, नको, थांबते थोडी.

कुणी बोलवायला आलं नाही.

आता तो कल्याणला कोर्टाबाहेर एका वकिलाच्या टेबलाशी बसतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावबदलाचे अर्ज. वकील सांगतात, तो टाइप करतो. माणसं चांगली आहेत, असं म्हणतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापतं म्हणून एक टेबलफॅन मी नेऊन दिला, तो त्याने ठेवून घेतला. इतर काही दिलं तर घेत नाही. माझ्याकडे येतो, सणाला जेवतो, प्लग, नळ, काय बिघडलं असेल ते नीट करतो. क्लासमध्ये मात्र पाऊल टाकत नाही. दारातूनच हाक मारतो.

पुण्याची विद्यार्थिनी मध्ये येऊन गेली. ती आडून आडून म्हणाली की ताई, आता शिकवायची पद्धत बदलायला हवी, बघून उतरवण्याचे दिवस गेले, प्रत्येकाने आपापलं जुळवून घ्यायचे दिवस आहेत. तिचं म्हणणं मला कळतं. पण छापलेलं जसंच्या तसं उतरवणारा माणूस मठ्ठ नसतो. त्याचा लिहिणाऱ्यावर विश्वास असतो. त्याला वाटतं, याने माझ्यासाठी लिहिलंय. हा विश्वास ठेवणाऱ्याचा दोष कसा? लिहिणाऱ्याने वाचणारा डोळ्यांसमोर आणला नाही, त्याचं काय? मी अजूनही नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते, जसं छापलंय तसं. फक्त सांगताना आता आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

त्या पानाच्या तळाशी एक प्रश्न असतो, या पानाचा उपयोग झाला का. मी 'नाही' हे बटण दाबलं. खाली चौकट उघडली त्यात इंग्रजीत अर्ज लिहिला, सविस्तर, समास सोडून लिहावा तसा. कुठली आज्ञा, कुठलं मशीन, तिथे काय लिहायला हवं. भावाचं काही लिहिलं नाही. आभाराचं ठरावीक उत्तर आलं, ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. तरी मी दर थोड्या दिवसांनी ते पान उघडून बघायचे. का, ते मला सांगता येणार नाही. मोडलेल्या सौद्याच्या दुकानावरून जाताना मान वळतेच, तसं असेल.

परवा उघडलं तर पान बदललेलं होतं. चौकटीच्या वर आता दोन खाचा, म्हणजे टॅब, होत्या. पहिली लिनक्स आणि मॅकची, दुसरी विंडोजची. दुसरी दाबली की विंडोजच्या आज्ञा दिसत होत्या, किल्लीच्या फाइलची पद्धतही नीट, पायरी पायरीने. डॉलर कुठेच नव्हता. वरचं ते वाक्य काढून टाकलं होतं. माझ्या अर्जामुळे झालं की माझ्यासारख्या हजार जणांनी डोकं आपटलं म्हणून झालं, कोण सांगणार. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि ठाकुर्लीला गेले.

रविवार होता, तो घरीच होता. मी लॅपटॉप त्याच्यासमोर उघडून ठेवला. त्याने चष्मा लावला. पान वरून खालपर्यंत वाचलं, एक ओळही न गाळता, जसा तो नेहमी वाचतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. हातांकडे बघत होते.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "आता कुणाला अडणार नाही."

आणि चष्मा काढून घडी करू लागला. पान वाचून होईपर्यंत त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, पालथे. एकही बोट हललं नव्हतं.

त्याची बायको आतून म्हणाली, ताई, पानं घेतेय, जेवूनच जा. मी लॅपटॉप बंद केला आणि हात धुवायला उठले.